सूर लावणारे

(नभोवाणीवरील भाषण)

आमच्या सोलापूरच्या घरीं माजघराच्या भिंतीला टेकून एक जुना उभा पियानो कित्येक वर्षें पडून होता. गिरणींतला कोणी एक साहेब विलायतेस परत जावयास निघाला तेव्हां त्याच्या सामानाचा लिलांव झाला, आणि माझ्या आजोबांनीं केवळ 'लांकूड उत्तम आहे' एवढ्याच कारणासाठीं तो विकत घेतला, असें घरांत सांगत असत. तो वाजवितां कोणालाच येत नव्हता. त्याच्यावर फराळाचे डबे आणि पंचांग ठेवलेलें असे, आणि शेजारच्या कोपऱ्यांत गवसणी घातलेला माझ्या वडिलांचा तंबोरा उभा असे. पुढें माझ्या धाकट्या आत्याला एका शिक्षिकाबाईंकडे पियानो शिकण्याची संधि मिळाली, तेव्हां कोठें ध्यानांत आलें कीं, वाद्याच्या कांहीं पट्ट्या मुक्या आहेत आणि उरलेल्या एकमेकींशीं भांडत आहेत.

सोलापूरचा उन्हाळा ज्यांनीं भोगला आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. चैत्र-वैशाखांत आमच्याकडे दारांच्या चौकटी सुटतात, पाटांना चिरा पडतात, आणि मृगाचा पाऊस पडला कीं तींच दारें फुगून लागेनाशीं होतात. पियानोच्या पोटांत सुमारें २३० पोलादी तारा असतात. त्या सर्वांचा मिळून ताण १५ ते २० टन भरतो. हा भार लोखंडी चौकट तोलून धरते हें खरें. परंतु ज्या खुंट्यांना तारा गुंडाळलेल्या असतात त्या लांकडी फळींतच ठोकलेल्या असतात, आणि ज्या पातळ पाटावर नाद घुमतो तोही लांकडाचाच असतो. हवेंतील ओल कमी-अधिक झाली कीं लांकूड आकसतें अथवा फुगतें, आणि सूर त्याच्या मागोमाग जातो. म्हणजे पियानो कोणीं वाजविला नाहीं तरी तो बेसूर होतच असतो.

आमच्या घरच्यांनीं प्रथम गांवांतल्याच एका कसबी कारागिराला बोलाविलें. हात मोठा कुशल. परंतु हें काम त्याचें नव्हतें. त्यानें पकडींत खुंटी धरली आणि पिळली. तार तुटली ती बंदुकीचा बार व्हावा तशी, आणि आजी देवघरांतून धांवत बाहेर आली. त्यानंतर मुंबईला पत्र गेलें, आणि पंधरवड्यानें एक ट्यूनर रात्रीच्या मेलनें येऊन उतरले. ते गोव्याकडील गृहस्थ होते. हातांत चामड्याची एक जुनी पिशवी, अंगांत कोट, आणि बोलणें अगदीं बेताचें. घरांत येतांच त्यांनीं पहिली गोष्ट विचारली ती ही कीं, या भिंतीवर ऊन किती वाजतां येतें? दुसरें, त्यांनीं पियानो भिंतीपासून हातभर ओढविला. तिसरें, खालची फळी काढून आंत पाण्यानें भरलेलें एक भांडें ठेवविलें, आणि उन्हाळाभर तें रिकामें होऊं देऊं नका असें आईला बजावलें. मग त्यांनीं मुलांना बाहेर घालविलें. मी मात्र दाराआड राहिलों.

त्या दिवशीं मीं जें ऐकलें त्याचा अर्थ कळावयास मला पुढें बरींच वर्षें लागलीं, आणि आजचें हें भाषण म्हणजे त्या एका सकाळचा खुलासाच आहे. चार तासांनीं काम उरकल्यावर ट्यूनरसाहेबांनीं वडिलांना बोलावून सूर ऐकविले. वडील भजनी मंडळांत गात. त्यांचा कान तंबोऱ्यावर तयार झालेला. त्यांनीं षड्ज ऐकला, पंचम ऐकला, मान हलविली, आणि गांधार ऐकतांच त्यांच्या कपाळाला आंठी पडली.

"अहो, हा गांधार चढा लागला आहे."

"होय साहेब," ट्यूनर शांतपणें म्हणाले, "चढाच लावला आहे. खरा लावला तर बाकीचे रडतील."

वडिलांना वाटलें, हा मनुष्य आपलें काम झांकीत आहे. वास्तविक दोघांचेंही म्हणणें खरें होतें.

निसर्गानें स्वरांच्या हिशेबांत एक बारीक चूक ठेवली आहे. षड्जापासून पंचम घ्यावा, त्या पंचमाला षड्ज मानून त्याचा पंचम घ्यावा, आणि असें बारा वेळां करीत जावें; म्हणजे सात सप्तकें चढून आपण पुन्हा षड्जावर यावयास पाहिजे. परंतु तसे येत नाहीं. एका अर्ध्या स्वराच्या सुमारें चौथ्या हिश्शाइतके पुढें जातों. हा उरलेला तुकडा कोठें तरी जिरवावाच लागतो. ज्याला एकाच षड्जावरून गावयाचें आहे त्याला याची पर्वा नसते. परंतु पाश्चात्य संगीतांत एकाच रचनेंत षड्ज बदलतो, आणि अनेक स्वर एकदम वाजतात. तेव्हां त्यांनीं युक्ति काढली कीं, हा तुकडा बारा घरांत सारखा वांटून टाकावा. अर्ध्या स्वराचे शंभर भाग कल्पिले, तर प्रत्येक पंचम अवघे दोन भाग उतरला. तो कानाला फारसा खटकत नाहीं. गांधार मात्र जवळजवळ चौदा भाग चढला. माझ्या वडिलांच्या कपाळाची आंठी ती या चौदा भागांची.

आतां हे इतके सूक्ष्म भाग मोजावयाचे कसे? दोन सूर अगदीं जवळ असून पुरते जुळले नाहींत, तर एकत्र वाजतांना त्यांचा आवाज पाळण्यासारखा हेलकावे खातो. फरक जितका मोठा तितके हेलकावे जलद. सूर पूर्ण मिळाले कीं पाळणा थांबतो. आमचा तंबोरा लावणारा हा पाळणा थांबवितो. पियानोचा ट्यूनर तो थांबवीत नाहीं, त्याचे हेलकावे मोजतो. तो चिमटा आपटून 'ए' हा स्वर घेतो. १९३९ सालीं लंडनच्या परिषदेनें त्याचीं सेकंदाला ४४० आंदोलनें ठरविलीं. त्यावरून मधलें एक सप्तक बांधतांना पंचमाचा हेलकावा सेकंदाला एकाहूनही कमी ठेवावयाचा, आणि त्याच्या खालच्या बाजूस 'एफ' व 'ए' यांच्यामधला गांधार मात्र सेकंदाला सुमारें सात वेळां थरथरूं द्यावयाचा. बेसूर सर्वांनाच करतां येतें. किती बेसूर करावयाचें हें ज्याला मोजून कळतें तो ट्यूनर.

एवढेंच त्याचें काम नव्हे. बहुतेक पट्ट्यांना तीन-तीन तारा असतात. त्यांतल्या दोन बनातीच्या पट्टीनें दाबून एक लावावयाची, मग दुसऱ्या दोन तिच्याशीं अशा मिळवावयाच्या कीं तिन्हींचा एकच आवाज व्हावा. खुंटी नुसती फिरवून भागत नाहीं. ती फळींत 'बसली' पाहिजे, नाहीं तर चार दिवसांत उलटी फिरते. तारेवर पडणाऱ्या हातोड्या लोंकरीच्या नमद्यानें मढविलेल्या असतात. त्या वापरानें कठीण झाल्या म्हणजे सुया टोंचून मऊ कराव्या लागतात. कसरीला तर हा नमदा म्हणजे मेजवानी. त्या दिवशीं आमच्या पियानोंतून निघालेली कसर, दोन पेन्सिली आणि पितळी पळी आईनें अनेक वर्षें पाहुण्यांना सांगितली.

पियानोच्या इतिहासांत मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही कीं, तो शोधणारा मनुष्य स्वतः वाद्यांची निगा राखणारा होता. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याला १६८८ सालीं फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यांतील राजपुत्र फर्दिनांदो यानें आपल्या संग्रहांतील वाद्यें सांभाळण्यासाठीं नोकरीस ठेविलें. १७०० सालच्या त्या घराण्याच्या वाद्यांच्या यादींत त्याच्या नव्या वाद्याचा उल्लेख सांपडतो. दुसऱ्यांचीं वाद्यें लावतां लावतां त्यांतली उणीव ज्याला रोज जाणवत होती त्यानेंच ती भरून काढली. त्याच्या हातचे तीन पियानो आज जगांत शिल्लक आहेत.

हें वाद्य साहेबाबरोबर आपल्याकडे आलें, परंतु इकडील हवा त्याला मानवेना. सरस विरघळे, सांधे सुटत. म्हणून विलायती कारखानदार उष्ण देशांसाठीं भरीव लांकडाचे, सांध्यांना पितळी स्क्रू मारलेले पियानो मुद्दाम करूं लागले. मुंबईंत फुर्तादो यांची पेढी १८६५ पासून आहे, आणि इंग्रज, पारशी व गोंवेकर ख्रिस्ती घरांच्या आश्रयानें तेथें पियानो व त्याचे ट्यूनर दोन्ही टिकले. सोलापूरला आगगाडी १८६० सालींच पोंचली होती, तेव्हां येथवर पियानो आणणें अवघड नव्हतें. अवघड होतें तें त्याला सुरांत ठेवणें. ज्या गांवीं सूर लावणारा राहत नाहीं त्या गांवीं पियानो म्हणजे एक जड कपाट होय.

आणि म्हणूनच मराठी घरांत पियानोऐवजीं त्याचें गरीब भावंड शिरलें. १८४२ सालीं पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ यानें हार्मोनिअमचें पेटंट घेतलें. यांत तारा नाहींत. भात्याच्या वाऱ्यानें पितळी जिभा कांपतात. उन्हानें जीभ सहसा उतरत नाहीं, म्हणून दूरदूरच्या ठाण्यांवर काम करणाऱ्या मिशनऱ्यांना हें वाद्य सोयीचें वाटलें. पुढें कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं, ज्यांची द्वारकिन ही पेढी १८७५ सालीं निघाली, पायांनीं दाबावयाचा भाता काढून हातानें चालविण्याचा भाता बसविला, आणि वाद्य जमिनीवर, बैठकीवर, गवयाच्या शेजारीं येऊन बसलें. महाराष्ट्रांत संगीत नाटकानें त्याला डोक्यावर घेतलें. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतानें, ज्यांच्या चाली १९११ सालीं 'मानापमाना'तून घरोघर गेल्या, या पेटीला मैफलींत प्रतिष्ठा मिळवून दिली.

परंतु पेटीबरोबर एक पाहुणा न सांगतां आला होता. तिच्या जिभा विलायतेंत पियानोच्या हिशेबानेंच लावलेल्या असत. अशा रीतीनें पियानोचा तो तडजोडीचा, चढा गांधार आमच्या रंगभूमीवरून थेट देवघरापर्यंत पोंचला. विलायतेंत त्या तडजोडीबद्दल कांहीं मोबदला मिळत होता. षड्ज हवा तेथें हलवितां येत होता. आम्ही तर एक षड्ज धरला कीं तो गाणें संपेपर्यंत सोडीत नाहीं. म्हणजे आम्हीं माल न घेतांच किंमत चुकती केली!

ही गोष्ट आमच्या शेजारच्याच एका गृहस्थाच्या ध्यानांत आली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टरीवरून निवृत्त झालेले. त्यांनीं अब्दुल करीमखांसाहेबांसारख्या गवयाच्या कंठांतून निघणारे स्वर उपकरणांवर मोजून १९१० सालीं हिंदु स्वरग्रामावर व बावीस श्रुतींवर इंग्रजींत एक ग्रंथ लिहिला. मुंबई इलाख्यांतील न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स हे त्यांना येऊन मिळाले. त्यांचाही ग्रंथ १९१३ सालीं निघाला. नुसतें लिहून हे दोघे थांबले नाहींत. लंडनच्या मूर अँड मूर या कारखान्याकडून त्यांनीं बावीस श्रुतींची एक खास पेटी करविली. डेप्युटी कलेक्टरीचें पेन्शन खाणारा एक मनुष्य पियानोच्या देशाला उलट निरोप धाडतो कीं, तुमचा गांधार आम्हांस नको, आमचा करून द्या. हा प्रसंग मला मोठा रम्य वाटतो.

१९१६ सालीं सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालीं बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथें ही पेटी आली, आणि तिच्यावरून वाद झाला. पंडित भातखंडे यांना देवल-क्लेमेंट्स यांचें गणित मान्य नव्हतें. श्रुति ही गवय्याच्या गळ्यांत रागाप्रमाणें सरकते. तिला एका जिभेंत कायमची ठोकून बसविणें म्हणजे फुलपांखराला टांचणी मारणें होय, असा या विरोधाचा मतितार्थ मीं समजतों. मला स्वतःला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतें. परंतु त्या पेटीचा खरा पराभव परिषदेंत झाला नाहीं. तो बाजारांत झाला. अधिक जिभा, अधिक पट्ट्या, अधिक किंमत, आणि ती बिघडली तर लावणार कोण? सांगली-सोलापूरकडे तसा कारागीर मिळावयाचा कोठून? आमच्या पियानोचें जें झालें तेंच तिचें झालें.

यानंतर आली ती नभोवाणीची शिक्षा. ज्या माध्यमांतून मी आज आपल्याशीं बोलत आहें त्याच माध्यमाचा हा इतिहास असल्यामुळें तो सांगतांना किंचित् संकोच वाटतो. ऑल इंडिया रेडिओचे पहिले कंट्रोलर लायोनेल फील्डन. दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताचे प्रमुख होते जॉन फोल्ड्स हे इंग्रज रचनाकार. या फोल्ड्स यांनीं १९३८ सालीं रेडिओच्या 'इंडियन लिसनर' या पत्रांत पेटीवर हल्ला चढविला. हार्मोनिअम या नांवाचेच त्यांनीं दोन तुकडे केले. पहिल्याचा अर्थ इंग्रजींत 'अपाय' असा होतो. १९४० च्या आरंभीं रवींद्रनाथांनींही कलकत्ता केंद्राला लिहून आपली नापसंती कळविली. आणि १ मार्च १९४० पासून पेटी नभोवाणीवरून हद्दपार झाली. ती १९७१ पर्यंत बाहेरच होती. त्यानंतर टप्प्याटप्प्यानें तिला आंत घेण्यांत आलें. मधल्या तीस वर्षांत साहेब गेले, राज्य बदललें, मंत्री बदलले. पेटीवरची बंदी मात्र कोणीं उठविली नाहीं. आमच्या घरच्या रेडिओवर गाणें लागलें कीं सारंगी ऐकूं येई, आणि त्याच वेळीं गल्लींतल्या प्रत्येक भजनांत पेटी वाजत असे.

पेटीवर खरोखर आरोप दोन होते, आणि ते एकमेकांत मिसळून टाकल्यामुळें निवाडा चुकला असें माझें मत आहे. पहिला आरोप हा कीं, तिला मींड घेतां येत नाहीं. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणें तिला साधत नाहीं. हा आरोप खरा आहे आणि त्याला उपाय नाहीं. जीभ म्हणजे तार नव्हे. दुसरा आरोप हा कीं, तिचे स्वरच मुळीं परके, चढे-उतरे लागलेले आहेत. हाही आरोप त्या काळच्या पेट्यांपुरता खरा होता. परंतु हा दोष वाद्याचा नव्हता, लावणाराचा होता. आणि त्याच्यावरचा उपाय एका बारीक कानशीत होता.

हा उपाय परिषदांनीं किंवा पुस्तकांनीं प्रचारांत आणला नाहीं. तो पेटी दुरुस्त करणाऱ्यांनीं, आपल्या दुकानाच्या ओट्यावर बसून, गवयांच्या तक्रारी ऐकत ऐकत रूढ केला. कृति ऐकावयास सोपी आहे. पितळी जिभेच्या मोकळ्या टोंकाशीं किंचित् घांसलें कीं ती हलकी होऊन सूर चढतो. बुंध्याशीं घांसलें कीं ती लवचीक होऊन सूर उतरतो. परंतु घांसलेलें पितळ पुन्हा येत नाहीं, आणि जास्त झालें तर जीभ कांहीं दिवसांनीं तुटते. पियानोच्या ट्यूनरला खुंटी उलट फिरवितां येते. पेटीवाल्याला आपली चूक दुसऱ्या टोंकाशीं आणखी घांसूनच दुरुस्त करावी लागते. हा कारागीर शेजारीं तंबोरा छेडीत ठेवतो, गवयाची पट्टी विचारतो, काळी एक किंवा काळी पांच, आणि त्या एका षड्जाशीं बाकीचे स्वर एकेक करून मिळवितो. हेलकावे मोजीत नाहीं, थांबवितो. महाराष्ट्रांतले पेटीवाले याला 'गंधार ट्यूनिंग' म्हणतात, आणि हें नांव किती मार्मिक आहे तें आतां आपल्या ध्यानांत आलें असेल. सगळा तंटाच त्या एका स्वराचा होता.

अशा पेटीची पट्टी बदलली कीं सौंदर्य गेलें. ती एकाच षड्जाची होऊन राहते. म्हणून पट्टी सरकविण्याची सोय असलेली पेटी घेणाऱ्यांनीं तिला असें ट्यूनिंग करवून घेऊं नये, असें जाणते सांगतात. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनीं, पट्टीजवळची खुंटी ओढून त्याच पट्टींतून दुसरी श्रुति काढतां येईल अशी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली आहे. देवलांचा जुना हट्ट शंभर वर्षांनीं आपल्याच मुलखांत आणि निराळ्या युक्तीनें पुरा झाला. जिभा मात्र आतां विलायतेहून येत नाहींत. गुजरातेंतील पालिताण्याच्या जिभांना या धंद्यांत फार दिवसांचा लौकिक आहे.

हा सर्व खटाटोप ज्याच्या साक्षीनें होतो त्या तंबोऱ्याकडे आतां येऊं. तंबोरा हा न्यायाधीश खरा, पण हा न्यायाधीशही कोणी तरी रोज लावावाच लागतो. तोही लांकडाचा, तोही हवेप्रमाणें चळतो. खुंट्या फिरवून ढोबळ सूर, घोडीखालचे मणी सरकवून बारीक सूर; एवढें गायक स्वतः करतो. परंतु घोडीची पाठ तारेच्या घर्षणानें झिजली म्हणजे तारेचा झणत्कार मरतो, आणि तिला पुन्हा घांसून 'जवारी' काढावी लागते. तें काम ज्याचें त्यानेंच करावें. अब्दुल करीमखांसाहेबांचा यांत हातखंडा होता. आपल्या तंबोऱ्याची दुरुस्ती व जवारी ते स्वतः करीत. त्यांचें वास्तव्य मिरजेस होतें, आणि मिरज ही तंतुवाद्यांची राजधानी. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेब यांच्यापासून पटवर्धनी अमलांत तेथें हा धंदा वाढीस लागला. शस्त्रांचें काम सरत आलें तेव्हां त्यांच्या हातांतील कानशी घोडीकडे वळल्या. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.

या मिरजेच्या तंबोऱ्याचें अर्धें अंग आमचें, सोलापूर जिल्ह्याचें आहे, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें. त्याचा भोपळा पंढरपूर, मंगळवेढें, बेगमपूर या भीमाकांठच्या भागांत पिकतो. हा खाण्याचा भोपळा नव्हे, हा कडू. शेतकरी तो मुद्दाम मोठा होऊं देतो, वेलावरच जून होऊं देतो, आणि मग महिनोन् महिने वाळवितो. आमचा जो कोरडा उन्हाळा पियानोचे सांधे सोडवितो तोच या भोपळ्याला टणक करतो. कारागीर त्याला पाण्यांत भिजवून, कापून, हवा तसा आकार देतो. १९२७ सालीं बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग पंढरपुराहून मिरजेपर्यंत पोंचला. वारकऱ्यांची ती गाडी आज रुंद मार्गावरून धांवते.

त्या भोपळ्यावर बसविलेली जवारीदार खर्जाची तार छेडली म्हणजे एक चमत्कार घडतो. तारेंतून षड्जाबरोबर, कोणींही न लावलेला, एक गांधार आपोआप उमटतो. आमचे गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो शुद्ध असतो. पियानोच्या गांधाराहून तो बरोबर त्या चौदा भागांनीं खालीं असतो. माझ्या वडिलांनीं ऐकून ऐकून कानांत सांठविलेला गांधार तो हा. त्यांनीं गणित कधीं केलें नव्हतें. परंतु त्यांच्या कपाळाला जी आंठी पडली ती गणिताला धरून होती. १९७९ सालीं बंगलोरच्या राज नारायण यांनीं विजेचा तंबोरा काढला आणि आतां तर तो खिशांतल्या फोनवरही वाजतो. त्याला खुंटी नाहीं, भोपळा नाहीं, हवेची भीति नाहीं. रोज पहांटे रियाज करणाऱ्या मुलांची त्यानें सोय केली हें मी नाकारीत नाहीं. तंबोरा लावतां लावतां जो कान तयार होतो तो या यंत्रानें कसा तयार होणार, हें मात्र मला अद्याप कोणीं पटवून दिलेलें नाहीं.

ते ट्यूनरसाहेब दुसऱ्या वर्षीं पावसाळा संपल्यावर पुन्हा आले. भांडें आंत जागेवर होतें. आईनें तें एक दिवसही कोरडें पडूं दिलें नव्हतें. त्यांनीं फळी उघडून आंतल्या बाजूस पेन्सिलीनें गेल्या सालची तारीख लिहिली होती ती पाहिली, तिच्याखालीं नवी लिहिली, आणि कामास लागले. काम संपल्यावर निघावयाच्या आधीं ते वडिलांना म्हणाले, "तुमचा तंबोरा काढा पाहूं." वडिलांनीं गवसणी काढली, तंबोरा पियानोच्या षड्जाशीं मिळविला आणि छेडूं लागले. ट्यूनरसाहेब बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिले. मग त्यांनीं आपली किल्ली घेतली, मधल्या सप्तकांतील गांधाराच्या तिन्ही तारा एकेक करून केंसभर उतरविल्या, आणि षड्ज-गांधार एकत्र वाजविले. थरथर नव्हती. वडिलांनीं तंबोरा थांबविला नाहीं. त्यांनीं नुसती मान हलविली, आणि पुन्हा वाजवा अशी खूण केली. तसें तीन-चार वेळां झालें.

मग ट्यूनरसाहेबांनीं पुन्हा किल्ली लावली, तिन्ही तारा होत्या तशा चढविल्या, झांकण लावलें, आणि स्टेशनावर जाण्यासाठीं टांगा मागविला.